पोहतां येतें काय ?

घरांत ज्या मुलाला एकदां ‘हुशार’ म्हणून ओळखूं लागतात, त्याचें पुढें एक मोठें नुकसान होतें. ‘हें मला येत नाहीं’ असें म्हणण्याची त्याची संवयच सुटते. शाळेंत त्याचा हात सर्वांच्या आधीं वर जातो. घरीं पाहुण्यांपुढें उभें करून त्याच्याकडून श्लोक म्हणवितात. ‘दादाकडून शिका’ म्हणून धाकट्या भावंडांना सांगतात. ह्या सर्व कौतुकांत, जें त्याला येत नाहीं त्याची विचारपूस कोणी करीत नाहीं, आणि तोही हळूहळू तें झांकावयास शिकतो. प्रस्तुत लेखक हा अशाच हुशार मुलांपैकीं एक. आमची ही झांकण्याची विद्या एका शनिवारीं, घरापासून दूर, समुद्रापलीकडील एका लहानशा बेटावर छातीभर पाण्यांत उघडी पडली. ती हकीकत सांगतांना आमची थोडी फजिती होणार आहे; परंतु वाचकांच्या घरींही असा एखादा ‘दादा’ असण्याचा संभव असल्यामुळें ती सोसण्यास आम्ही तयार आहोंत.

आमचें घर सांगलीचें. कुटुंब एकत्र आहे. सणावारीं एका पंक्तीला पंधरा-सोळा पानें मांडावीं लागतात. शहराबाहेर थोडा मळा आहे आणि त्या मळ्यांत एक जुनी दगडी विहीर आहे. आमच्या आजोबांना घरांत सगळे अण्णा म्हणतात. घरांतल्या प्रत्येक मुलानें व मुलीनें दहाव्या वर्षाच्या आंत त्या विहिरींत पोहावयास शिकलेंच पाहिजे, असा त्यांचा दंडक. पाठीला सुक्या भोपळ्यांची जोडी बांधावयाची, कमरेला दोर लावावयाचा, आणि अण्णांनीं पायरीवर उभें राहून ‘सोड हात !’ म्हणून गर्जना करावयाची. काकांचे दोघे मुलगे असे शिकले, आत्याची मुलगी शिकली. राहिलों ते आम्ही एकटे. कधीं शिष्यवृत्तीची परीक्षा आडवी आली, कधीं सर्दी, कधीं गणिताची शिकवणी. खरें कारण भय हें होतें. परंतु अभ्यासासारखें भारदस्त कारण हाताशीं असतां भयाचें नांव कोण घेतो? आई म्हणे, “त्याचा अभ्यास आहे, राहूं द्या.” शेवटीं अण्णांनीं भोपळे माळ्यावर टांगून ठेवले आणि ते एवढेंच म्हणाले, “ठेवतों जपून. केव्हां तरी लागतील.”

पुढें २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेला महापूर आला. आम्ही तेव्हां शाळेंत होतों. आमच्या पेठेंत पाणी शिरलें आणि सारें कुटुंब खालचा मजला सोडून माडीवर जाऊन राहिलें. त्याच दिवसांत आमच्याच जिल्ह्यांत ब्रह्मनाळ येथें, पुरांत अडकलेल्यांना बाहेर काढणारी नाव उलटली व कित्येक माणसें, त्यांत बायका आणि मुलें, बुडून गेलीं. ती वार्ता ऐकल्यापासून नावेचें नांव निघालें कीं आजी हात जोडी. आम्ही शिकण्यासाठीं सिंगापुरास निघालों त्या दिवशीं तिनें हातावर दही घातलें आणि म्हणाली, “समुद्र ओलांडतो आहेस तर ओलांड. माझ्या आजेसासऱ्यांच्या वेळीं त्याला प्रायश्चित्त लागे. आतां कोणी मागत नाहीं. पण बाळ, पाण्याशीं खेळूं नकोस.”

सिंगापूर हें विषुववृत्ताच्या उत्तरेस दीडशें किलोमीटरांच्याही आंत वसलेलें आहे. तेथें आपल्यासारखे उन्हाळा, पावसाळा व हिंवाळा नाहींत. आमच्या अनुभवाप्रमाणें तेथील ऋतु दोनच : पाऊस पडत असतो तो एक, आणि पडण्याच्या बेतांत असतो तो दुसरा. विद्यापीठांतील आठवडा प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि निबंधांच्या मुदती ह्यांत निघून जातो. दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरांत, सहामाहीचा निम्मा भार उतरल्यावर, आमच्या वसतिगृहाच्या फलकावर एक सूचना लागली. विद्यार्थ्यांच्या एका मंडळानें पुलाऊ उबिन नांवाच्या बेटावर शनिवारची सहल काढली होती, आणि तेथें खारफुटीच्या खाडींत कयाक वल्हवावयास मिळणार होती.

आमच्या शेजारच्या खोलींत एक मलायी विद्यार्थी राहत असे. त्या देशांत मुलांना विद्यापीठांत येण्यापूर्वीं बहुधा दोन वर्षें राष्ट्रीय सेवा करावी लागते. त्यामुळें आमच्याच वर्गांतला असूनही तो आमच्याहून वयानें मोठा होता. मलायी रीतीप्रमाणें आम्ही त्याला ‘अबांग’, म्हणजे दादा, म्हणत असूं आणि तो आम्हांस ‘आदिक’, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणे. घरचा दादा येथें येऊन धाकटा झाला होता, आणि खरें सांगावयाचें तर तें आम्हांस आवडत असे. अबांगनेंच आमच्यापुढें सहलीचा फॉर्म ठेवला. त्यांत नांव, वय, आजारपण वगैरे नेहमींचे प्रश्न होते आणि पांचवा प्रश्न होता : ‘५० मीटर पोहतां येतें काय ?’ पुढें दोन चौकोन, एक ‘होय’चा आणि एक ‘नाहीं’चा.

वाचकहो, त्या ठिकाणीं आम्ही क्षणभर थांबलों. अबांग शेजारींच उभा होता. वर्गांतल्या दोन मुली त्याच मेजावर आपापले फॉर्म भरीत होत्या आणि दोघींनींही न थांबतां ‘होय’वर खूण केली होती. आमच्या मनांत आलें, लाइफ जॅकेट तर देणारच आहेत. पाणी खाडीचें, समुद्राचें नव्हे. प्रश्न केवळ रीतीचा. ज्या बुद्धीनें आम्हीं इतकीं वर्षें बक्षिसें मिळविलीं त्याच बुद्धीनें क्षणार्धांत तीन कारणें पुढें केलीं, आणि आम्हीं ‘होय’च्या चौकोनांत खूण करून खालीं सही ठोकली.

शनिवारीं सकाळीं आमची मंडळी चांगीच्या धक्क्यावर जमली. तेथून उबिनला लांकडी मोटारहोड्या जातात. त्यांचें कांहीं वेळापत्रक नाहीं. बारा उतारू जमले कीं नाखवा होडी सोडतो. दहापंधरा मिनिटांत आपण पलीकडे पोहोंचतों. परंतु तेवढ्या अवधींत गगनचुंबी इमारतींचें नगर मागें राहतें आणि पुढें पत्र्याच्या छपरांचीं घरें, सायकलींचीं दुकानें आणि नारळीचीं झाडें दिसूं लागतात. आम्हांस तर एकदम रत्नागिरीकडील एखाद्या बंदरांत उतरल्यासारखें वाटलें.

मलायी भाषेंत ‘पुलाऊ’ म्हणजे बेट आणि ‘उबिन’ म्हणजे फरशी. हें सारें बेट ग्रॅनाइटाचें. क्षेत्रफळ सुमारें दहा चौरस किलोमीटर. येथल्या खाणींतून निघालेला दगड हॉर्सबर्ग दीपगृहाला लागला. तें दीपगृह १८५१ सालीं उभें राहिलें. सिंगापूर व जोहोर यांना जोडणारा सेतु १९२४ सालीं रीतसर खुला झाला, त्यालाही येथलाच दगड लागला. बेटावरील शेवटची खाण १९९९ सालीं बंद पडली. जुन्या खाणींत आतां पाणी भरून तळीं झालीं आहेत व त्यांच्या कांठच्या झाडांवर बगळे वस्ती करतात. एके काळीं येथें कांहीं हजार माणसें राहत. आज मोजकींच घरें उरलीं आहेत. २००१ सालीं बेटाच्या पूर्व टोंकाचा चेक जावा नांवाचा किनारा भराव घालून बुजविण्याचें घाटत होतें. पण ओहोटीच्या वेळीं उघड्या पडणाऱ्या तेथील जीवसृष्टीचें महत्त्व लोकांनीं पुढें मांडल्यावर सरकारनें त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तो बेत पुढें ढकलला. जमिनीच्या प्रत्येक तुकड्याचा हिशेब ठेवणाऱ्या देशानें एक चिखलाचा किनारा राखून ठेवावा, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटली.

किनाऱ्यावर कयाकी ओळीनें मांडून ठेवल्या होत्या. कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील लोकांची शिकारीची होडी. लांकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचें कातडें ताणून ते ती बनवीत आणि दोन्ही टोंकांना पातीं असलेल्या एकाच वल्ह्यानें चालवीत. बर्फाच्या समुद्रांतील ती होडी आतां प्लास्टिकची होऊन उष्ण कटिबंधांतल्या चिखलांत फिरूं लागली आहे. आमच्या वांट्याला दोघांनीं बसावयाची एक पिंवळी कयाक आली. तिच्यांत पुढें बसणारानें वल्ह्याचा ताल धरावयाचा असतो आणि मागें बसणारानें दिशा सांभाळावयाची असते. मार्गदर्शक म्हणून एक मध्यम वयाच्या बाई होत्या. त्यांनीं चार गोष्टी बजावल्या : होडी उलटली तर घाबरूं नका, जॅकेट तुम्हांला तरंगत ठेवील, होडी सोडूं नका, आणि काहींही झालें तरी झाडांच्या मुळांना हात घालूं नका. आम्हीं त्या चारही तत्काळ पाठ केल्या. परीक्षा घेतली असती तर आम्हांस पूर्ण गुण मिळाले असते.

अबांगनें विचारलें, “तुला पोहतां येतें ना ? मग तूं मागें बस. दिशा तुझ्याकडे.”

आम्ही मागें बसलों.

निघतांना भरती पुरी होत आली होती. अण्णांचे वाडवडील गुहागरकडचे. त्यामुळें तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ निघते, हा कोंकणचा हिशेब आम्हांस लहानपणापासून ठाऊक. तो आम्हीं मोठ्या ऐटीनें अबांगला ऐकविला. त्यानें तो मन लावून ऐकला आणि म्हणाला, “छान आहे. पण तो तुमच्या किनाऱ्याचा हिशेब. आमची सामुद्रधुनी सेतूनें मध्येंच बंद केली आहे. पूर्वेकडून आंत शिरलेलें पाणी त्याच वाटेनें परत जातें. म्हणून आम्ही बंदराचा तक्ता पाहतों.” त्याच्या बोलण्यांत टोंचणी नव्हती. आम्हीं मात्र विषय बदलला.

थोडें किनाऱ्याकिनाऱ्यानें गेल्यावर आमची मंडळी एका खाडींत शिरली. अशा प्रवाहाला तेथें ‘सुंगेइ’ म्हणतात. आंत शिरतांच वारा पडला, समुद्राचा आवाज मागें राहिला, आणि दोन्ही बाजूंनीं तिवरांची व कांदळांची हिरवी भिंत उभी राहिली. तीं झाडें पाहून आमचें मन भरून आलें. दाभोळच्या खाडींत अण्णांबरोबर एकदां तरीवरून जातांना आम्हीं हींच झाडें पाहिलीं होतीं. कांदळाचीं तींच कमानीसारखीं वांकलेलीं मुळें, जणूं झाड बोटांवर उभें राहून पाण्यांत डोकावत आहे. तिवराखालीं चिखलांतून वर आलेल्या श्वासमुळांच्या त्याच काड्या. आणि त्या चिखलावर टुणटुण उड्या मारणारे तेच निवटे. माशानें पाण्याबाहेर येऊन कल्ल्यांवर हवा खात बसावें, ही निवट्याची ऐट कोंकणांत आणि उबिनवर एकच. डोक्यावरून एक धनेश पंख फडफडवीत पलीकडे गेला. सिंगापुरांतून शंभराहून अधिक वर्षें नाहींसा झालेला हा पक्षी १९९४ च्या सुमारास ह्याच बेटावर पुन्हा दिसूं लागला, असें अबांगनें सांगितलें.

कांदळाची एक गंमत त्यानें दाखविली. त्याचें बीं झाडावर असतांनाच रुजतें. हातभर लांबीचा हिरवा कोंब फांदीला लोंबत राहतो आणि पुरता वाढला कीं गळून पडतो. खालीं चिखल असला तर तेथेंच उभा राहतो. पाणी असलें तर तरंगत जातो आणि जेथें बूड टेकेल तेथें मूळ धरतो. एकत्र कुटुंबांत वाढून थेट परदेशीं येऊन पडलेल्या आमच्यासारख्या मुलाला हें ऐकून मोठा धीर आला. तो कोंब तरंगूं शकतो आणि आम्ही तरंगूं शकत नाहीं, एवढा भेद तेवढा त्या क्षणीं ध्यानांत आला नाहीं.

परततांना ओहोटी लागली होती. खाडी जेथें वळते तेथें पाणी बाहेरच्या कांठाकडे ओढ घेतें. तेथें मागच्यानें आधींच नाक आंतल्या बाजूस वळवावयास हवें. आम्हीं वल्हें उलट्या बाजूस मारलें. होडी आडवी झाली आणि प्रवाहानें ती कांदळाच्या मुळांकडे लोटली. अबांग ओरडला, “वल्हव, थांबूं नकोस !” परंतु मुळें समोर दिसलीं आणि पाठ केलेल्या चार गोष्टींपैकीं चौथी प्रथम विसरली. आम्हीं वल्हें टाकून एका मुळाला हात घातला. हात मुळाला राहिला, होडी खालून निघून गेली, आणि दोघेही पाण्यांत पडलों.

पुढचें आम्हांस तुकड्यातुकड्यांनींच आठवतें. नाकातोंडांत खारट, चिखलाचें पाणी. जॅकेट वर उचलीत होतें, पण त्यावर विश्वास ठेवण्याइतकें मन जाग्यावर नव्हतें. हाताला अबांगचा गळा लागला आणि आम्हीं त्याला दोन्ही हातांनीं मिठी मारली. तो खालीं गेला, वर आला, पुन्हा खालीं गेला. दोघांचें ओझें सांवरण्यासाठीं त्यानें उजव्या हातानें एक मूळ घट्ट धरलें. त्या मुळावर कालवें बसलेलीं होतीं, सुरीच्या धारेचीं. तशा स्थितींतही तो आमच्या कानापाशीं शांतपणें तेंच तेंच सांगत होता, “आदिक, उभा राहा. उभा राहा. पाय टेक.”

आम्हीं पाय टेकले. पाणी छातीपर्यंत होतें.

बाई होडी वळवून आल्या. त्यांनीं अबांगचा हात पाहिला. तळव्यावर आडवी चीर पडली होती आणि रक्त पाण्यांत मिसळत होतें. त्यांनीं स्वच्छ पाण्यानें जखम धुतली, पट्टी बांधली आणि म्हणाल्या, “कालवाची जखम आहे, आंत चिखल राहतां कामा नये. आजच डॉक्टरकडे जा.” मग आमच्याकडे वळून त्यांनीं विचारलें, “तुम्हांला पोहतां येतें ना ? मग त्याला असें कां धरलें ?”

आम्ही तोंड उघडण्यापूर्वींच अबांग म्हणाला, “प्रवाहाची ओढ जोराची होती.” आणि आम्ही गप्प राहिलों. खूण करतांना बोललेलें खोटें आमचें होतें; त्या गप्प राहण्यानें तें दोघांचें झालें.

परतीच्या होडींत इतर मंडळी पुढें गात होतीं. आम्ही दोघे मागें बसलों होतों. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. शेवटीं आम्हींच म्हटलें, “अबांग, मला पोहतां येत नाहीं.”

“तें मला गळ्याला कळलें,” तो म्हणाला आणि थोडा हंसला. मग गंभीर होऊन म्हणाला, “तूं सांगितलें असतेंस तर मी तुला सोडून आलों नसतों. फक्त पुढें बसविलें असतें आणि त्या वळणावर दूरून नेलें असतें. आदिक, मला काळजी घेतां आली असती. तूं ती घेऊं दिली नाहींस.”

रागावला असता तर तें आम्हांस सोपें गेलें असतें. त्या रात्रीं त्याच्या तळव्याला टांके पडले. सोमवारीं त्याची प्रयोगशाळेंतील परीक्षा होती. उजवा हात बांधलेला असल्यामुळें ती त्याला पुढें ढकलून घ्यावी लागली.

रविवारीं घरीं बोलण्याचा आमचा नेम. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर नेहमींप्रमाणें सगळे दाटीवाटीनें बसले होते : आई, बाबा, काका-काकू, मधोमध आजी, आणि कडेला, अर्धेच दिसणारे अण्णा. सहल छान झाली, एवढें सांगून फोन ठेवण्याचा आमचा बेत होता. परंतु आजीनें विचारलें, “आवाज कां रे असा ?” आणि आम्हीं सगळें सांगून टाकलें. फॉर्म, खूण, वळण, गळा, कालवें, टांके; कांहीं वगळलें नाहीं.

पलीकडे कोणी बोलेना. आजीचे हात जोडले जातील, असें आम्हांस वाटलें होतें. तिनें विचारलें, “त्या मुलाचा हात कसा आहे ? त्याच्या आईला कळविलें का ?” मग म्हणाली, “पाण्याशीं खेळूं नकोस असें मी म्हणालें होतें, बाळ. पोहूं नकोस असें नव्हतें म्हटलें.” आई डोळे पुसत म्हणाली, “मीच म्हणत असें, अभ्यास आहे, राहूं द्या.”

अण्णा पडद्याच्या मध्यभागीं सरकले. “दारांत विहीर असून तुला पोहतां आलें नाहीं, ह्यांतला निम्मा दोष माझा,” ते म्हणाले. “मीं तुला एकदां तरी कान धरून उतरवावयास हवें होतें. पण ती खूण मात्र सगळी तुझी. न येणें ही लाज नव्हे. येतें म्हणून सही करणें ही लाज. आतां ज्याच्याशीं खोटें बोललास त्याच्याकडे जाऊन खरें सांग. आम्हांला सांगून भागणार नाहीं.”

सोमवारीं सकाळीं आम्ही त्या मंडळाच्या चालकांकडे गेलों. मार्गदर्शक बाईंनाही पत्र लिहून खरें कळविलें. चालकांनीं आमचें म्हणणें ऐकून घेतलें, आमचा फॉर्म काढून त्यावर एक रेघ ओढली आणि सांगितलें कीं, पाण्यांतील परीक्षा उतरल्याखेरीज आम्हांस कोणत्याही सहलीस येतां येणार नाहीं. हुशार म्हणून वाढलेल्या मनुष्याला आपल्या नांवावरील रेघ पाहणें जड जातें. परंतु त्या खोलींतून बाहेर पडतांना दोन दिवसांत प्रथमच आम्हांस हलकें वाटलें.

विद्यापीठाच्या तलावांत नवशिक्यांचा वर्ग असतो. तेथें पहिल्या दिवशीं शिक्षकानें विचारलें, “किती येतें ?” आम्हीं म्हटलें, “कांहींच नाहीं.” हें उत्तर देण्यास आम्हांस वीस वर्षें लागलीं होतीं. शिक्षकाला त्याचें कांहींच वाटलें नाहीं. त्यानें आम्हांस कठडा धरून पाय मारावयास सांगितलें.

डिसेंबरांत सुटीला घरीं आलों. दुसऱ्याच दिवशीं सकाळीं अण्णा आम्हांस मळ्यावर घेऊन गेले. काखेंत तीच भोपळ्यांची जोडी होती, माळ्यावरून काढून पुसलेली. आम्ही म्हणालों, “अण्णा, आतां मला थोडें येतें.” ते म्हणाले, “असूं दे. बांध.” पाण्यांत कापरें भरविणारी थंडी होती. अण्णा पायरीवर काठी टेकून उभे राहिले. त्यांचा आवाज आतां पूर्वींसारखा घुमत नाहीं. पण त्यांनीं ‘सोड हात!’ म्हटलें आणि आम्हीं हात सोडला. वरच्या पायरीवर आजी बसली होती. आमच्या तीन फेऱ्या होईपर्यंत ती बोलली नाहीं. चौथ्या फेरीला अण्णांना म्हणाली, “आतां भोपळे सोडा त्याचे.” हीच ती आजी, नावेचें नांव निघालें कीं हात जोडणारी.

आमच्या घरांतून आतां एक नवी रीत पडली आहे. निकाल लागला कीं मुलांना गुण विचारतात तसेंच, “ह्या वर्षीं काय आलें नाहीं ?” हेंही अण्णा विचारतात. काकांच्या धाकट्या मुलानें परवां उत्तर दिलें, “मला घड्याळ कळत नाहीं.” सगळे हंसले, तोही हंसला, आणि संध्याकाळपर्यंत त्याला घड्याळ कळूं लागलें. आम्हीं ही गोष्ट त्या वयांत सांगितली असती कीं नाहीं, ह्याविषयीं आम्हांस शंका आहे.

फेब्रुवारींत उबिनची दुसरी सहल निघाली. तोच फॉर्म पुढें आला. पांचवा प्रश्न तोच आणि पुढें दोनच चौकोन. मधल्या जागेंत आम्हीं लिहिलें : ‘जॅकेटासह ५० मीटर, जॅकेटावांचून ३०, शिकत आहें.’ अबांगनें तें वाचलें आणि कांहीं न बोलतां आपल्या फॉर्मावर सही केली. त्याच्या उजव्या तळव्यावर एक पांढरी रेघ राहून गेली आहे. सही करतांना ती दिसते.

किनाऱ्यावर तीच पिंवळी कयाक आमच्या वांट्याला आली. अबांगनें बोट दाखवून म्हटलें, “आदिक, तूं पुढें.” आम्ही मुकाट्यानें पुढें बसलों. वळण आलें तेव्हां त्यानें आधींच सांगितलें, “डावीकडे,” आणि आम्हीं डावीकडे वल्हवलें. होडी कांदळापासून दोन हात दूरून निघून गेली. पुढें बसलें म्हणजे खाडी अधिक चांगली दिसते, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें.